कामाच्या ठिकाणची मर्यादा: पहिल्या वेळी काय बोलायचं, काय लिहून ठेवायचं, तक्रार कुठे द्यायची

कामाच्या ठिकाणी झालेल्या छळाची तक्रार शेवटच्या पानावरून मागे मागे वाचत गेलं, की सुरुवात बहुतेक वेळा किरकोळ गोष्टीत सापडते. रात्री पावणेअकराला आलेला ‘जेवलीस का?’ हा मेसेज. डबा खाताना काढलेला ‘लग्नाचं कधी बघताय?’ हा विषय. फाईल देताना खांद्यावर पडलेला आणि नको तेवढा वेळ तिथेच राहिलेला हात. त्या क्षणी कुणी काही बोलत नाही, कारण एवढ्यातेवढ्यावरून बोललं तर आपणच खडूस ठरू, अशी भीती असते. ज्याच्या मनात खोट आहे त्याला ही शांतता परवानगीसारखी वाटते. ज्याच्या मनात खोट नाही त्याला आपलं चुकतंय हे कळतच नाही. म्हणून या लेखात पहिल्या वेळेवर जास्त भर दिला आहे. छळाच्या तक्रारी ऐकणारी ऑफिसातली समिती आणि कायदा पुढे येतातच, पण तिथे पोचल्यावरही पहिल्या वेळी काय बोललात आणि काय लिहून ठेवलंत, हेच कामाला येतं.

हाक कशी मारायची

आपल्याकडे मर्यादेचा पहिला प्रश्न हाकेत येतो. ‘अहो’ की ‘अरे’, ‘तुम्ही’ की ‘तू’, ‘मॅडम’ की नुसतं नाव. सुरुवात सरळ ‘तुम्ही’ने करावी, समोरचा माणूस वयाने कितीही लहान असो. ‘तुम्ही’वरून ‘तू’वर कधीही येता येतं. ‘तू’वरून मागे फिरायला मात्र भांडण तरी व्हावं लागतं, नाहीतर बदली तरी. ‘तू’ म्हणायची मोकळीक खालच्या पदावरच्या माणसाने द्यायची असते. वरच्याने ती स्वतःच घेऊन टाकली तर समोरचा नाही म्हणू शकत नाही.

एक ढळढळीत चूक बहुतेक ऑफिसांत दिसते. पुरुष सहकारी ‘साहेब’ असतो आणि त्याच पदावरची बाई ‘अगं’ असते. ग्राहकासमोर असं झालं की तो ग्राहक पुढचा प्रश्न आपोआप साहेबांनाच विचारतो. बैठकीत ‘सर’ म्हणायचं ठरलं असेल तर ‘मॅडम’ही तितक्याच वेळा यायला हवं, आणि नावाने बोलवायचं ठरलं असेल तर सगळ्यांनाच नावाने. शिपायांना ‘मामा’ आणि सफाई करणाऱ्या बाईंना ‘मावशी’ म्हणण्यात आपुलकी आहे, पण ‘ए मावशी, पाणी आण’ म्हटलं की ती उरत नाही. त्यांचं नाव विचारून घ्यावं आणि वाक्याच्या शेवटी ‘आणता का’ यावं. ‘डिअर’, ‘बेटा’, ‘राणी’ ही संबोधनं कामाच्या जागी नकोतच, कितीही मायेने म्हटली तरी.

कुणी चुकीची हाक मारत असेल तर त्याला चारचौघांत टोकण्याची गरज नाही. एकटा असताना, हसून पण स्पष्टपणे म्हणावं, ‘सर, मला नावाने हाक मारा. बेटा नको, अवघडल्यासारखं होतं.’ कारणांची यादी देऊ नये. एक कारण दिलं की त्यावर वाद सुरू होतो.

नाही म्हणण्याच्या तीन पायऱ्या

पहिली पायरी तोंडी आणि लगेच. वाक्य लहान ठेवायचं आणि त्यात आधी माफी मागायची नाही. ‘सॉरी हां, राग मानू नका, पण जमलं तर...’ असं सुरू झालेलं वाक्य समोरच्याच्या कानापर्यंत विनंती होऊन पोचतं. त्यापेक्षा ‘हा विषय नको’, ‘हात लावून बोलू नका’, ‘कामाचं उद्या ऑफिसात बोलू’ ही वाक्यं पुरतात. ती घरी दोन-तीनदा मोठ्याने म्हणून पाहावीत. वेडेपणा वाटेल, पण ऐन वेळी तोंडातून तेच निघतं जे आधी एकदा निघालेलं असतं.

दुसरी पायरी लेखी. तीच गोष्ट पुन्हा घडली तर त्याच दिवशी मेसेज किंवा ईमेल पाठवावा: ‘आज दुपारी तुम्ही माझ्या कपड्यांवर जे बोललात ते मला आवडलं नाही. मागच्या आठवड्यातही मी हे सांगितलं होतं. यापुढे असं बोलू नये.’ एवढंच. त्यात टोमणा नको, धमकी नको, हसरं चित्रही नको. हा मजकूर उद्या समितीच्या टेबलावर जाऊ शकतो, हे ध्यानात ठेवून लिहायचं.

तिसरी पायरी म्हणजे वरिष्ठ किंवा समिती. पण गोष्ट गंभीर असेल तर आधीच्या दोन पायऱ्या चढायचं बंधन कुणावर नाही. अंगाला हात घालणं, शरीरसुखाची मागणी, अश्लील चित्र दाखवणं, बढती किंवा कराराची मुदतवाढ यांच्याशी जोडलेली सूचक भाषा यांत पहिल्याच वेळी थेट तक्रार करावी. ‘आधी सांगितलं का नाही?’ या प्रश्नाने तक्रार बाद होत नाही.

आता ज्याला सांगितलं गेलं त्याच्याबद्दल. कुणी येऊन ‘तुमचं हे वागणं मला आवडलं नाही’ म्हणालं, तर उत्तर एकच असावं: ‘लक्षात आलं. पुन्हा होणार नाही.’ ‘मी तर गंमत केली’, ‘तू फार मनावर घेतेस’, ‘बाकी कुणाला काही वाटत नाही’ ही तिन्ही वाक्यं प्रकरण वाढवतात. नंतर तिच्याशी बोलणं टाकणं, तिला कामाच्या ग्रुपमधून वगळणं, चहाला सगळ्यांना हाक मारून तिला न मारणं, हाही त्रासच आहे. कामाचं बोलणं आधीसारखं चालू ठेवायचं, एवढंच करायचं असतं.

फोन आणि व्हॉट्सॲप

अलीकडे मर्यादा सगळ्यात आधी मोडते ती इथे. ऑफिसच्या ग्रुपचे नियम ग्रुपच्या माहितीतच लिहून टाकावेत: सकाळी ९ ते संध्याकाळी ७ एवढाच वेळ, फक्त कामाचा मजकूर, फॉरवर्ड नाही, राजकारण आणि धर्म नाही, कुणाचाही फोटो विचारल्याशिवाय नाही. रात्री काही सुचलं तर मेसेज लिहून ठेवावा आणि सकाळी पाठवावा. ईमेलमध्ये वेळ लावून पाठवण्याची सोय असते, ती वापरावी. ‘तातडीचं’ म्हणजे काय, हेही ठरवून घ्यावं. सर्व्हर बंद पडला, पेशंट गंभीर आहे, उद्या सकाळची सुनावणी पुढे गेली, हे तातडीचं. उद्याच्या प्रेझेंटेशनचा रंग बदलायचाय, हे नाही.

सहकाऱ्याच्या डीपीवर किंवा स्टेटसवर खाजगीत शेरा मारू नये. ‘साडीत छान दिसता’ हे वाक्य ग्रुपवर सर्वांदेखत लिहिताना जीभ अडखळत असेल, तर ते रात्री एकट्यालाही लिहायचं नसतं. ही कसोटी साधी आहे आणि सहसा चुकत नाही.

विचारू नये ते प्रश्न

मराठी ऑफिसातली एक प्रश्नमालिका सगळ्यांना ओळखीची आहे. ‘पूर्ण नाव काय?’ मग ‘आडनाव काय म्हणालात?’ मग ‘मूळ गाव कुठलं?’ आणि तरीही उलगडा झाला नाही तर ‘म्हणजे तुमच्यात कसं असतं?’ हे सगळं जात काढण्यासाठी चाललेलं असतं, आणि ज्याला विचारलं जातं त्याला ते पहिल्या प्रश्नालाच कळलेलं असतं. ज्याने आयुष्यभर हे प्रश्न झेलले आहेत त्याच्यासाठी नोकरीचा पहिला दिवस तिथेच कडू होतो. ‘कोट्यातून आलेले’ हा शब्दप्रयोग चेष्टेतही करू नये. अनुसूचित जाती किंवा जमातीच्या व्यक्तीचा चारचौघांत जातीवरून हेतुपुरस्सर अपमान करणं हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली त्या समाजाबाहेरच्या माणसासाठी गुन्हा आहे. ऑफिसच्या शिस्तीचा मेमो एवढ्यावर ते थांबत नाही.

डब्यावरून शेरे नकोत. ‘आज मासे का? वास येतोय’ असं न म्हणता खिडकी उघडावी. लग्न, मूल, घटस्फोट, पगार, आजारपण हे विषय ज्याचे त्याने काढले तरच बोलायचे. मुलाखतीत ‘लग्नानंतर नोकरी करणार ना?’ हा प्रश्न आजही सर्रास विचारला जातो. त्याऐवजी कामाची वेळ आणि फिरतीचे दिवस सांगून ‘हे जमेल का?’ असं स्त्री-पुरुष दोघांनाही विचारावं.

ऑफिसातलं हळदीकुंकू हा नाजूक विषय आहे आणि त्यावर बोललं पाहिजे. सोबत काम करणाऱ्या बाईला तिचा नवरा गेला म्हणून वगळून बाकीच्यांना वाण वाटणं, हा तिचा कामाच्या जागी केलेला अपमानच. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. एका गावाला जे जमलं ते दहा टेबलांच्या ऑफिसला जमायला हरकत नाही. करायचं तर सगळ्या बायकांना बोलवून करावं, नाहीतर करू नये. गणपतीची किंवा निरोप समारंभाची वर्गणीही ऐच्छिक असावी. पाकीट फिरवावं, नावापुढे रक्कम लिहिलेला कागद फिरवू नये.

केबिन, गाडी, दौरा

दोघंच असताना केबिनचं दार उघडं ठेवावं किंवा दाराला काच असावी. कामाचं मूल्यमापन करताना चर्चा खाजगी हवी, पण जागा बाहेरून दिसणारी हवी. दौऱ्यावर बैठक हॉटेलच्या लॉबीत घ्यावी, खोलीत घेऊ नये. कंपनीने दिलेली गाडी, कामानिमित्त भेट दिलेली जागा, प्रशिक्षणाचं ठिकाण हे सगळं कायद्याने ‘कामाचं ठिकाण’च आहे. त्यामुळे ‘ते ऑफिसबाहेर घडलं’ ही सबब चालत नाही.

महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती लागते, आणि तिच्या सुरक्षिततेची व घराच्या दारापर्यंत पोचवण्याची सोय मालकाने करायची असते. ‘रिक्षा मिळेल की’ याला सोय म्हणत नाहीत.

रागावणं हा वरिष्ठांचा भाग. चूक दाखवताना कामाबद्दल बोलावं, माणसाबद्दल नाही, आणि चारचौघांत नाही. ‘या तक्त्यात तीन बेरजा चुकल्यात, चारपर्यंत दुरुस्त करून द्या’ हे बोलणं झालं. ‘तुला अक्कल नाही, कुणी पास केलं तुला?’ हा अपमान झाला, आणि त्याने बेरजाही दुरुस्त होत नाहीत.

नोंद कशी ठेवायची

हा भाग सगळ्यात दुर्लक्षित आहे आणि सगळ्यात उपयोगी. दोनशे पानी साधी वही घ्यावी आणि ती घरी ठेवावी, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये किंवा ऑफिसच्या लॅपटॉपवर नाही. घटना घडली त्याच रात्री लिहावं. नोंद अशी दिसते:

‘१४ मे, मंगळवार, दुपारी ३.२० च्या सुमारास. रेकॉर्ड रूम. मी १९ नंबरची फाईल काढत होते. ते मागून आले, कमरेला हात लावला, म्हणाले, “एवढं काय घाबरतेस?” मी म्हणाले, “हात काढा.” बाहेर झेरॉक्सवर एक सहकारी होती, तिने मला लगेच बाहेर पडताना पाहिलं. ३.४० ला घरी बहिणीला फोन केला.’

यात तारीख-वार, वेळ, जागा, नेमके शब्द, आपण काय केलं, कोण जवळपास होतं आणि नंतर लगेच कुणाला सांगितलं, एवढं आलं पाहिजे. ‘ते नेहमी घाणेरडं बोलतात’ अशी मोघम नोंद टिकत नाही, कारण उलटतपासणीत पहिला प्रश्न ‘कधी?’ असा येतो. मध्ये पानं कोरी सोडू नयेत आणि खाडाखोड करू नये. चुकलं तर एक रेघ मारून पुढे लिहावं. मेसेजचे स्क्रीनशॉट घ्यावेत, पण मूळ चॅट फोनमधून पुसू नये. पुरावा म्हणून मूळ चॅटचं वजन जास्त असतं. समोरच्याने मेसेज आपोआप पुसले जाण्याची सोय लावली असेल तर स्क्रीनशॉट त्याच मिनिटाला घ्यावा. फोन बदलताना आधी बॅकअप.

तक्रार: कुठे, किती दिवसांत, किती प्रती

राजस्थानात १९९२ मध्ये भंवरीदेवी या सरकारी कार्यक्रमात काम करणाऱ्या ‘साथिन’वर, म्हणजे गावपातळीवरच्या कार्यकर्तीवर, बालविवाह रोखण्याचा प्रयत्न केला म्हणून सामूहिक अत्याचार झाला. त्यानंतर स्त्री संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १३ ऑगस्ट १९९७ ला ‘विशाखा’ निकाल आला. त्यातली मार्गदर्शक तत्त्वं सोळा वर्षं कायद्याच्या जागी वापरली गेली. कामाच्या ठिकाणी महिलांचा लैंगिक छळ रोखणारा कायदा २०१३ मध्ये झाला आणि ९ डिसेंबर २०१३ पासून लागू झाला. बोलीत त्याला ‘पॉश’ म्हणतात, ‘प्रिव्हेन्शन ऑफ सेक्शुअल हॅरॅसमेंट’च्या इंग्रजी आद्याक्षरांवरून.

दहा किंवा अधिक माणसं जिथे काम करतात तिथे अंतर्गत समिती असलीच पाहिजे, आणि शाखा अनेक असतील तर प्रत्येक शाखेत. समितीची अध्यक्ष त्याच संस्थेतली वरिष्ठ पदावरची बाई असते, कर्मचाऱ्यांमधून किमान दोन सदस्य आणि बाहेरची एक जाणकार व्यक्ती असते. एकूण सदस्यांत निम्म्या तरी बायका हव्यात. सदस्यांची मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं. समिती नसेल तर मालकाला ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दहापेक्षा कमी माणसांच्या जागी, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर, जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. तालुक्याला त्यासाठी नोडल अधिकारी नेमलेला असतो आणि त्याने तक्रार सात दिवसांत पुढे पाठवायची असते. घरकाम करणाऱ्या बायकाही स्थानिक समितीकडे जाऊ शकतात. कंत्राटी, रोजंदारीवरच्या, शिकाऊ, स्वयंसेवक म्हणून काम करणाऱ्या सगळ्या या कायद्यात येतात, त्यामुळे ‘तू आमच्या पेरोलवर नाहीस’ हे उत्तर ऐकून परत फिरू नये. केंद्र सरकारच्या ‘शी-बॉक्स’ पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते.

तक्रार देण्याची मुदत घटनेपासून तीन महिन्यांची. घटनांची मालिका असेल तर शेवटच्या घटनेपासून. कारण पटलं तर समिती ते लेखी नोंदवून आणखी तीन महिने देऊ शकते. अर्जाच्या सहा प्रती, सोबत कागदपत्रं आणि साक्षीदारांची नावं-पत्ते. अर्ज देताना सातवी प्रत स्वतःजवळ ठेवावी, तिच्यावर आवक क्रमांक, तारीख, सही आणि शिक्का घ्यावा. पोच दिली जात नसेल तर तोच अर्ज ईमेलने किंवा रजिस्टर पोस्टाने पाठवावा. लिहिता येत नसेल तर लिहून देण्याची मदत समितीने करायची असते.

चौकशी चालू असताना तिची किंवा त्याची दुसरीकडे बदली, तिला नेहमीच्या रजेशिवाय तीन महिन्यांपर्यंत जादा रजा, तिच्या कामाचा अहवाल त्याने लिहू नये अशी व्यवस्था, हे सगळं मागता येतं. पण ते लेखी मागावं लागतं, आणि इथेच अनेकजणी अडकतात. समिती आपणहून देईल म्हणून वाट पाहत बसतात आणि रोज त्याच केबिनमध्ये जात राहतात. तडजोड हवी असेल तर ती फक्त तक्रारदार बाईच्या विनंतीवरून, चौकशीआधी होते, आणि पैसे हा तिचा आधार असू शकत नाही. तडजोड करा म्हणून कुणी दबाव आणत असेल तर तेही वहीत लिहावं.

पोलिसांकडे जाण्याचा रस्ता समिती असली तरी खुला राहतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७५ मध्ये लैंगिक छळ आणि ७८ मध्ये पाठलाग येतो. तिला पोलीस तक्रार करायची असेल तर मदत करणं हे मालकाचं कर्तव्य आहे. धोका तिथल्या तिथे असेल तर ११२ लावावा, सल्ल्यासाठी १८१.

पुरुषाला छळ सोसावा लागला तर या कायद्याखाली त्याला तक्रार करता येत नाही. त्याने संस्थेच्या सेवानियमांखाली किंवा आचारसंहितेखाली लेखी तक्रार द्यावी. संस्थेने आपलं धोरण लिहितानाच सगळ्यांना लागू होईल असं लिहिलं, तर ही अडचण येत नाही.

समिती कुठे चुकते

अर्ज आल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत एक प्रत समोरच्याला जायला हवी आणि त्याला उत्तराला दहा कामकाजाचे दिवस मिळायला हवेत. चौकशीला अध्यक्षांसह किमान तीन सदस्य हजर हवेत. दोघांपैकी कुणालाही वकील आणता येत नाही. ९० दिवसांत चौकशी, नंतर दहा दिवसांत अहवाल, आणि अहवालावर मालकाची कारवाई ६० दिवसांत.

नव्वद दिवसांचा धाक घेऊन घाई केली तरी प्रकरण बुडतं. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये समितीच्या चौकशीवर आधारलेली कारवाई रद्द केली, कारण समोरच्याला बाजू मांडायला पुरेशी संधी न देता सुनावण्या उरकल्या गेल्या होत्या. नुकसान दोघांचंही झालं आणि विषय पुन्हा समितीकडे गेला. म्हणून प्रत्येक सुनावणीची नोटीस लेखी, तिची पोच फाईलला, प्रत्येक जबाबाच्या प्रत्येक पानावर सही, आणि साक्षीदाराला प्रश्न विचारण्याची संधी दोन्ही बाजूंना. तक्रारदार घाबरत असेल तर प्रश्न लेखी घेऊन समितीने विचारावेत.

गुप्तता दुसरी जागा. नाव, पत्ता, चौकशीतलं काहीही बाहेर जाता कामा नये. बाहेर काढणाऱ्या सदस्याला ५,००० रुपये दंड आहे. प्रत्यक्षात गळती चहाच्या टेबलावर होते, ‘तुला म्हणून सांगते’ने सुरू होऊन. फाईलवर नावाऐवजी क्रमांक लिहावा आणि समितीच्या कागदांची प्रिंट सार्वजनिक प्रिंटरवर काढू नये.

आणि आरोप सिद्ध झाला नाही म्हणजे तक्रार खोटी ठरली, असं नाही. पुरावा न जमणं आणि मुद्दाम खोटं बोलणं यांत कायद्यानेच फरक केला आहे. ‘खोटी निघाली तर बघ’ अशी आठवण सुनावणीच्या सुरुवातीला करून देणारा सदस्य समितीत नकोच.

निकालानंतरचे सहा महिने

निकालाने समाधान झालं नाही तर दोन्ही बाजूंना ९० दिवसांत अपील करता येतं. पण खरं लक्ष द्यायचं असतं ते रोजच्या कामाकडे. तक्रार केलेल्या बाईची टेबल बदलली गेली का, बैठकीच्या ईमेलमधून तिचं नाव गळलं का, साक्ष देणाऱ्याला अचानक दूरची फिरती मिळाली का, हे कुणी तरी पाहायला हवं. समितीच्या अध्यक्षांनी पहिल्या, तिसऱ्या आणि सहाव्या महिन्याच्या शेवटी तिच्याशी पंधरा मिनिटं बसून बोलावं. तिचं आणि साक्षीदारांचं मस्टर, रजेचे अर्ज आणि वेतनवाढीची पत्रं तक्रारीच्या आधीच्या सहा महिन्यांच्या कागदांशेजारी ठेवून पाहावीत, आणि जो फरक दिसेल त्याचं कारण संबंधित वरिष्ठाकडून लेखी मागावं.